दिव्याखालचे हात

कविताचं लग्न मोडलं तर प्रगतीचा फायदाच होता. कविताचा होणारा नवरा, मोखाड्याचा मुकेश, प्रगतीचा आतेभाऊ. कायमची नोकरी, दारात नळ, स्वभाव गरीब. प्रगतीच्या धाकट्या बहिणीला असा नवरा सहज चालला असता. आणि कविताच्या मनगटांवरचे पांढरे डाग जायचे की मनगटंच भाजायची, हे प्रगतीच्या बोटावर होतं. जव्हारच्या दवाखान्यात डागांवरच्या दिव्याचं बटण तीच दाबायची.

हे नातं कविताला साखरपुड्यात कळलं. जिलेबी वाढायला समोर प्रगतीच उभी.

पुढच्या खेपेला प्रगतीने हसत विचारलं, "काय वहिनी, हातांना बावची-बिवची, झाडपाल्याचं काही लावत नाहीस ना? त्यावर हा दिवा पडला की कातडी भाजते."

"घरात डागांचा कुणाला पत्ताच नाही ताई. बावची कोण देणार?"

"आणि मुकेशला आहे पत्ता?"

कविताने गडद चष्मा चढवला आणि ती दिव्यांच्या उभ्या पेटीत शिरली. दिवे घुमू लागले. बाहेर प्रगती काय करतेय, काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मनगटं लालबुंद झाली.

जामसरला घरी आई, नवशी, रोजच्यासारखी तेलाची वाटी घेऊन बसली. नवरीचे हात मऊ पाहिजेत, म्हणून साखरपुड्यापासून तिने हा नेमच धरला होता. तिला नीट दिसत नसे, ते कविताच्या पथ्यावर पडलं होतं.

"हात तापलाय गं तुझा."

"उन्हाने, आई."

नवशीने आणखी थोडं तेल जिरवलं.

डॉक्टरांनी दिव्याची वेळ कमी करायला सांगितली. प्रगती "हो" म्हणाली. पेटीत कविताला दरदरून घाम फुटला. दिवा आज थांबतच नव्हता. दार ढकलावं, तर बाहेर तीच.

या वेळी फोड आले.

कविताने रडत डॉक्टरांना सगळं सांगितलं, नात्यासकट. प्रगतीला त्याच दिवशी काढून टाकलं. पिशवी खांद्याला लावून ती दारात थांबली.

"लग्न मोडायचंच असतं तर आत्याला एक फोन पुरे होता. दिव्याने कशाला जाळू?"

तो फोन ती अजूनही करू शकत होती. कविता पुन्हा दवाखान्याकडे फिरकली नाही. मोबाइल वाजला की ती आधी नंबर बघे. हळद लागेपर्यंत मोखाड्याहून काही निरोप आला नाही. फोड सुकले, आणि खालून सावळी कातडी आली.

हळदीच्या सकाळी नवशीने तिचे हात डोळ्यांजवळ नेले.

"आला बघ रंग! डोळं अधू हायेत माझं, पण पोरीचं डाग दिसतात मला. भगताची बावची रोज तेलात कालवत होते. सांगितलं असतं तर लाजली असतीस." ती समाधानाने हसली. "भगतानं पण काय घेतलं नाय. सगळं फुकटात झालं बघ. कुणालाच काय मोजावं लागलं नाय."