जुना पेसो

पंखा फिरतोय. दिवा लागलाय. पडदा मात्र काळाच.

"मागचं बटण बघ," लिएझल म्हणाली.

"मागचं बटण बंद असतं तर पंखा फिरला असता का?" जोमार कॉम्प्युटरच्या खोक्यात डोकं घालूनच बोलला.

"मला काय माहीत. तुझे ग्रुपवाले तेच विचारतायत." तिनं मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला.

ग्रुप नवशिक्यांचा. आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटर जोडणाऱ्यांचा. गेले कित्येक दिवस जोमार तिथं एकेक विचारत होता. प्रोसेसरवर पेस्ट किती लावायची? वाटाण्याएवढी. बोर्डाला हात लावायच्या आधी? लोखंडाला लाव, अंगातली वीज जाऊ दे. आत्ताही धडाधड उत्तरं येत होती. रॅम काढ, परत बसव, टक् असा आवाज आला पाहिजे. पडद्याची वायर भलत्या भोकात घातली असशील, सगळेच घालतात. एकानं लिहिलं होतं, आधी त्याला जेवायला घाल.

टक् आवाज आला होता. वायर बरोबर भोकात होती.

तीनला मुलाखत. घरी बसून करायचं काम. मोबाइल चालणार नाही, असं कंपनीनं आधीच कळवलेलं. हे हुकलं तर सोमवारी जहाजाच्या एजंटकडे जायचं, आणि मग परत महिनोन्‌महिने इंजिनरूम. लिएझल सकाळपासून नुसती टेबल पुसत होती. पुसलेलंच.

"तोतो, पोरा, झालं का रे सुरू?"

दारात तिता ओफे, अख्ख्या गल्लीची मावशी. हातात गरम पानदेसाल पावांची पिशवी. गल्लीच्या तोंडाशी तिचं पिसोनेट होतं. पेसो टाकायचा, कॉम्प्युटर वापरायचा. पेसो संपला की पडदा काळा. इलोइलो शहरातली ही अख्खी गल्ली तिथंच लहानाची मोठी झाली. दुकान बंद केलं तेव्हा तिनं एक पडदा जोमारला देऊन टाकला, प्लायवुडच्या चौकटीसकट. चौकट फार कळकट दिसते म्हणून लिएझलनं तिला फुलाफुलांचा कागद चिकटवला होता.

"सगळं चालतंय तिता. दिसत तेवढं काही नाही."

तितानं पडद्याकडे बघितलं. मग जोमारकडे.

"पेसो टाकलास का?"

जोमार हसला. ती हसली नाही. पिशवी ठेवून तिनं फुलांच्या कागदावरून अंगठा फिरवला. एका जागी कागद आत दबला. तिनं नख मारलं. कागद टर्रकन फाटला आणि आतून नाणं टाकायची फट दिसली.

"तुझ्या तितोनं, माझ्या नवऱ्यानं, पडद्याची वीजच ह्याच्यातून नेलीये. पेसो नाही तर वीज नाही. जन्म काढलास की ह्याच्यासमोर."

"मला वाटलं, दुकानाबरोबर हेही बंद झालं."

"दुकान बंद झालं. ह्याला कोणी सांगितलं?"

तीनला पाच कमी. जोमारनं स्क्रूड्रायव्हर उचलला. तितानं त्याच्या हातावर चापट मारली. "सगळं सोल्डर केलंय त्यानं. आत्ता उघडलंस तर मुलाखत पुढच्या जन्मी."

लिएझलनं पर्समधला पेसो टाकला. खळ्ळ. तसाच परत आला. दुसरा टाकला. तोही परत.

"हे नवे. नवे नाही घेणार तो," तिता म्हणाली. "आत नमुन्याला जुना पेसो बसवलाय. त्याच्याशी जुळलं तरच गिळतो. आता कुठले आणायचे जुने. माझे तर सगळे बँकेत गेले."

पंखा फिरत राहिला.

लिएझल उठली. सांतो निन्योच्या, बाळ येशूच्या, मूर्तीमागून तिनं एक जाळीची थैली काढली. लग्नात पाद्र्यासमोर जोमारनं तिच्या ओंजळीत ओतलेली नाणी. तुला काही कमी पडू देणार नाही, असं म्हणत ओततात ती. लोक त्यासाठी सोनेरी मुलाम्याची आणतात. ह्या दोघांनी जुनेच पेसो चिंचेनं घासून चकचकीत केले होते.

"अगं, ती मोडायची नसतात," तिता म्हणाली.

"मोडत नाहीये." लिएझलनं थैलीची गाठ दातानं सोडली. "कामाला लावतेय."

पेसो आत गेला. परत आला नाही. पडदा उजळला, आणि कोपऱ्यात तेच जुने लाल आकडे उलटे पळायला लागले. तेच आकडे बघत जोमार कधीकाळी घाईघाईनं खेळायचा, आणि मागे उभी राहून लिएझल ओरडायची, आवर, आता माझी पाळी.

टण्ण. टेबलाच्या कडेबाहेर आलेल्या चौकटीच्या बुडातून नाणं खाली पडलं.

"खालचा नाण्यांचा डबा काढून घेतला ना मी," तिता म्हणाली. मग जोमारचा कान हलकेच धरला. "दोरा बांधून सोडायचास ना पेसो? परत ओढून घ्यायला? घे आता. दोराही नको."

मुलाखत घेणारी बाई पडद्यावर आली. जोमारनं कॉलर सारखी केली. तिता पानदेसालची कागदी पिशवी छातीशी धरून भिंतीला चिकटली, कागद वाजू नये म्हणून.

"कॉम्प्युटरची सवय आहे का तुम्हाला?" बाईनं विचारलं.

"लहानपणापासून आहे, मॅडम."

लाल आकडे शून्याकडे आले. टेबलाखालून लिएझलचा बांगडीचा हात वर आला, फट चाचपली आणि पेसो आत सरकवला. मग तो खाली जाऊन दुसऱ्या हाताशी ओंजळ धरून थांबला.