चार महिन्यांत एक पान नाही

"आता बदल्या संपल्या, इथेच राहायचं," असं म्हणत बाबांनी ट्री फर्न आणलं आणि मी शाळेत असताना लावूनही टाकलं. ही माझी चौथी शाळा, त्यामुळे मी तर नाचलेच! मुळं जमिनीत पसरली की नवी पानं येतील, असं नर्सरीवाले काका म्हणाले होते. मी रोज त्याच्या केसाळ खोडावर मगाने पाणी ओतायचे. पण चार महिन्यांत एक पान येईल तर शपथ!

"ठोंब्या, मी इथे येऊन वर्गाची मॉनिटर झाले आणि तुला साधं पान फुटत नाही?"

रविवारी वैतागून खुरपं घेतलं आणि बुंध्याजवळची माती उकरली. चार बोटं खाली खुरपं प्लास्टिकवर आपटलं.

"बाबाऽ! काय हो हे? कुंडीसकट पुरलंत? वेंधळेपणाची कमाल आहे! या, धरा, आत्ताच काढू."

बाबा आले आणि उकरलेली माती हाताने परत लोटायला लागले.

"कुंडी राहू दे गं," ते खाली बघतच म्हणाले. "ट्रकमध्ये चढवताना लागेल."