खांबावरची खूण

प्रशिक्षणाहून परतल्यापासून साहेबांचा एकच धोशा: "अडचणी सांगू नका, उपाय सांगा!" सोमवारच्या बैठकीला सगळा कारखाना वरच्या सभागृहात जमला. मिस्त्रीची पाळी आली. "साहेब, सभागृहाखालच्या खांबाला चीर पडलीय. दर सोमवारी तिच्या टोकाशी पेन्सिलीनं खूण करतोय. वाढतेय." "उपाय?" "तो माझ्या आवाक्याबाहेरचा. इंजिनिअर बोलवा." "पुढच्या सोमवारी उपाय घेऊनच या!" सगळे हसले. मिस्त्री जिना उतरला. असल्या दगडावर कोण डोकं आपटणार? कानामागची पेन्सिल काढत तो खांबापाशी गेला. सकाळी छातीच्या उंचीवर केलेली खूण मागे टाकून चीर वर गेली होती. टाचा उंचावून त्यानं टोक शोधलं. ते छताला भिडलं होतं. पुढच्या सोमवारची खूण करायला खांबावर जागाच उरली नव्हती. तो जिन्याकडे धावला. वर साहेबांचं भाषण संपलं. टाळ्या वाजवत दीडशे माणसं एकदम उठली.