माझीही गेली

गावाकडे त्याच्या दुकानात कटिंग कमी आणि गप्पाच जास्त चालायच्या. शहरातल्या चकचकीत सलूनमध्ये नोकरीला लागला तेव्हा मॅनेजरने पहिल्याच दिवशी बजावलं, "इथे कात्री चालवायची, तोंड नाही." बिचाऱ्याने जिभेला कुलूप घातलं.

एके दुपारी अर्धे केस कापून झाले, आणि आरशात गिऱ्हाइकाचे डोळे भरून आलेले दिसले. त्याला राहवेना. "काका, काय झालं?"

"ड्रायव्हर होतो. आज नोकरी गेली. घरी कोणत्या तोंडाने सांगू?"

"बसा, आधी मला सांगा," म्हणत त्याने कात्री बाजूला ठेवली.

मॅनेजर मागून खेकसला, "हे तुझं खेडं नाही! गप्पाच मारायच्या असतील तर चालता हो!"

त्याने अ‍ॅप्रन काढून मॅनेजरच्या हातात दिला, स्वतःची कात्री-कंगवा उचलला. "चला काका, माझीही गेली. आता निवांत बोलू."

अर्धवट कापलेल्या डोक्यानिशी काका खो खो हसत उठले. दोघांनी सलूनच्याच पायरीवर बैठक मारली. कात्री चालू, तोंडही चालू.

थोड्या वेळाने दार उघडलं. आत ताटकळत बसलेलं एक गिऱ्हाईक बाहेर आलं आणि काकांशेजारी टेकलं.

"यांच्यानंतर माझा नंबर. मलाही जरा बोलायचंय."