रुमणं राहू दे

वेल्डरने लोखंडी कुळवाच्या लांब दांडीवर खडूने एक रेघ ओढली, दुसरी रेघ रुमण्यावर, मागून हाताने धरायच्या लाकडी मुठीवर ओढली आणि ग्राइंडर हातात घेतला.

"दांडी काप," म्हातारा म्हणाला. "बैलच नाहीत तर तिचं काय काम? पण रुमण्याला हात लावायचा नाही."

"काका, ट्रॅक्टरच्या मागे चालणार कोण? मग हे धरणार कोण?"

"कोणी नाही. राहू दे म्हटलं ना!"

वेल्डरने सुनेकडे पाहिलं. छोटा ट्रॅक्टर तिचा होता, हट्ट सासऱ्याचा होता आणि सकाळपासून दोघांच्या कात्रीत सापडला होता तो बिचारा वेल्डर.

"राहू द्या," सून म्हणाली. "पण बाबा, आपलं ठरलंय. आज चालला तर चालला. नाहीतर उद्या मी भाड्याने दुसरं अवजार आणणार आणि हा जाणार भंगारात."

"चालेल की. न चालायला काय झालं?" म्हातारा छाती काढून म्हणाला. खरं तर त्याला मुळीच खात्री नव्हती. या कुळवामागे चालण्यात त्याचा जन्म गेला होता. तो जन्म भंगारवाल्याच्या काट्यावर तोलला जाणार, या विचाराने सकाळपासून त्याला घास गोड लागत नव्हता.

वेल्डरने दांडी कापली. ट्रॅक्टरच्या मागच्या तीन जोडांत बसतील असे तीन लोखंडी कान कुळवाला वेल्ड केले. कुळव आता ट्रॅक्टरला अगदी चिकटून बसला आणि मागचं उभं लाकडी रुमणं सुनेच्या सीटला खेटलं. वर्षानुवर्षं तळहात घासून त्याच्या डोक्याला गुळगुळीत खोलगा पडला होता.

"हे माझ्या कोपराला लागतंय," सून म्हणाली.

"होईल सवय," सासू कमरेवर हात ठेवून म्हणाली. "माझ्या संसारात ते पहिल्या दिवसापासून मधे आहे."

शेत रस्त्याच्या पलीकडेच होतं. आपलं काम कसं वठलंय ते बघायला वेल्डरही आला. सुनेने ट्रॅक्टर सगळ्यात सावकाश गिअरमध्ये टाकला आणि कुळव खाली सोडला. रुंद पास, कुळवाचं आडवं पातं, मातीत शिरली, तणाची मुळं कापत पुढे सरकू लागली. म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला, पण तो तिथे फार वेळ टिकला नाही. पासेच्या तोंडाशी तण गोळा झालं, त्याचा भारा झाला, पास वर आली आणि कुळव माती नुसता खरवडत निघाला.

"उचल! अगं, उचल त्याला!" म्हातारा बाजूने धावत ओरडला. इंजिनाच्या आवाजात सुनेला काहीसुद्धा ऐकू गेलं नाही. टोकाला जाऊन तिने मागे पाहिलं. अर्ध्याहून जास्त पट्टा जसाच्या तसा होता.

"माझं वेल्डिंग शाबूत आहे," वेल्डर म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

"बाबा, नाही चालत हा," सून खाली उतरून म्हणाली. तिलाही वाईट वाटलं होतं.

"चालतो! पास भरली की जरा उचलून झटकायची असते, एवढंच. तो तुझा कुळव उचलायचा दांडा ओढायचा आणि परत सोडायचा."

"पण भरली हे मला कळणार कसं? पुढे बघू की मागे?"

म्हातारा कुळवाजवळ गेला. त्याला तरी कसं कळायचं? तो कुठे पासेकडे बघायचा? तो बैलांशी बोलायचा, पाखरं बघायचा, पलीकडच्या शेतातल्यांशी भांडायचा. त्याने नकळत रुमण्यावर हात ठेवला आणि त्याचा चेहरा उजळला.

"हात ठेव इथे," तो खोलग्यावर टिचकी मारून म्हणाला. "डावा हात स्टिअरिंगवर, उजवा यावर. पास नीट चालते तोवर हे थरथरत असतं. भरली की गप्प होतं. गप्प झालं की उचल."

"तुमच्यासारखंच की," सासू म्हणाली. "पोट भरलं की गप्प."

सून हसली आणि पुन्हा सीटवर चढली. सुरुवातीला म्हातारा ट्रॅक्टरबरोबर चालला, मग दम लागला तसा मागे पडला. लांबून त्याला दिसलं, पासेपुढे तण साचू लागलं होतं. त्याने ओरडायला श्वास घेतला.

तेवढ्यात कुळव उचलला गेला. तण खाली पडलं. पास पुन्हा मातीत शिरली.

सुनेने मागे वळून पाहिलं नव्हतं. तिचा उजवा हात दांड्यावरून परत रुमण्याच्या खोलग्यात जाऊन बसला होता.

"काका, चालला!" वेल्डर ओरडला.

म्हातारा काही बोलला नाही. त्याला इतकं बरं वाटत होतं की बोलायची गरजच वाटेना. तो बांधावर जाऊन बसला. शेतात काम चालू असताना तो असा कधी बसला नव्हता. सुनेचे पट्टे सरळ पडत होते, मोकळ्या झालेल्या मातीचा वास येत होता. त्याचा उजवा हात मांडीवर होता. लांबवर पास भरत आली की तो हात आपसूक जरासा वर उचलला जाई आणि तिकडे त्याच क्षणी कुळव वर येई. तो खाली आला की हातही मांडीवर टेके.

बायकोने चहा आणला. ती थोडा वेळ त्याच्या उजव्या हाताकडे बघत उभी राहिली. मग तिने कप त्याच्या डाव्या हातात दिला.