पट्ट्याचं काम

यंत्राची घरघर खिडकीतून आत आली तेव्हा बाप लेकीचा पाय दोन्ही हातांत धरून बसला होता. गुडघा काही केल्या वाकत नव्हता. दुखलं तरी रोज वाकवायचा, नाहीतर तो तसाच आखडून बसेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लेक एकदा प्रयत्न करायची आणि भिंतीकडे तोंड फिरवायची.

"सोडा बाबा," ती आताही म्हणाली. मग तिने कान टवकारले. "हा आवाज कसला? आपल्या पट्ट्यावरून येतोय का?"

पट्टा म्हणजे कोपऱ्यापासून पुलापर्यंतचा सायकलींसाठी आखलेला लाल पट्टा. लेक रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये कामाला होती आणि रोज सकाळी याच पट्ट्यावरून जायची. जायची कसली, वाट काढायची. टेम्पोवाले तिथेच माल उतरवायचे. दुकानांच्या पाट्या तिथेच उभ्या. सिग्नल लागला की स्कूटरवाले मागून पट्ट्यात घुसायचे आणि वर तिलाच बाजूला व्हायला सांगायचे. गटाराची झाकणं खचलेली, मधोमध विजेचा खांब. पुलाच्या तोंडाशी तर पट्टा असा तुटलेला, जणू रंगवणाऱ्याला कुणीतरी जेवायला हाक मारली आणि तो परत आलाच नाही.

त्या पट्ट्यासाठी तिने पालिकेचे उंबरठे झिजवले होते. "पालथ्या घड्यावर पाणी," बाप म्हणायचा. "त्यापेक्षा गाडी घे." तो जन्मभर बस चालवत आला होता. उंच सीटवरून सायकल किती उशिरा दिसते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. लेक हसायची. "सगळ्यांनीच गाड्या घेतल्या तर तुमची बस चालणार कुठून?"

मग एका सकाळी पट्ट्यावर उभ्या टेम्पोतून फ्रीज उतरत होता. ती रस्त्यावर वळली, आणि पुढचं चाक झाकणाच्या फटीत अडकलं. मागच्या मोटारीला ब्रेक लागेपर्यंत तिचा पाय चाकाखाली गेला होता. जिवावरचं गुडघ्यावर निभावलं, असं भेटायला येणारे म्हणाले. लॅबमधल्या मैत्रिणींचे फोन ती घेत नव्हती. केस विंचरायला सांगितलं तर म्हणायची, "मला कुठे जायचंय?"

आज मात्र ती कोपरांवर जोर देऊन उठून बसली.

"बघून या ना बाबा. आले असतील शेवटी."

बापाने पायात चपला सरकवल्या आणि तो जिना उतरला. काम खरोखर पट्ट्यावरच चाललं होतं. टेम्पो हटवले होते. पाट्या दुकानांच्या आत गेल्या होत्या. खचलेली झाकणं काढून नवी बसवली होती, अगदी रस्त्याच्या पातळीला. त्याने चपलेने एक झाकण दाबून पाहिलं. ते हललं नाही. त्याच्या छातीवरचं ओझं थोडं उतरलं. पोरगी जिंकली, त्याला वाटलं.

पुढे एक दांडगं यंत्र जुना लाल रंग खरवडत चाललं होतं. मुकादम बाजूला उभा राहून पाणी पीत होता.

"नवा रंग कधी देणार?" बापाने विचारलं.

"रंग नाही, काका. उद्या पांढऱ्या रेघा मारायच्या. पार्किंग होतंय इथे."

"आणि सायकलवाल्यांचं काय?"

मुकादमाने बाटलीचं झाकण लावलं. माणूस वाईट नव्हता. त्याने आवाज जरा खाली आणला. "मध्यंतरी एका पोरीला फार लागलं म्हणे इथे. त्याआधी तिनेच ढीगभर तक्रारी केल्या होत्या, पट्टा धोक्याचा आहे म्हणून. मग वरच्यांनी ठरवलं, धोका आहे ना, मग पट्टाच नको. आता निदान कुणी पडणार तरी नाही."

बापाने खरवडलेल्या पट्ट्याकडे पाहिलं. या माणसाशी भांडून काय होणार होतं? लाल भुकटी वाऱ्याने उडून दुकानांच्या पायऱ्यांवर बसत होती. मग तो जिना चढू लागला. खरं ते सांगून टाकायचं, असं त्याने पहिल्या मजल्यावर ठरवलं, आणि दुसऱ्यावरही.

लेक दाराकडे डोळे लावून बसली होती. तिने केस विंचरून घट्ट बांधले होते.

"झाकणं बदलली?"

"बदलली."

"टेम्पो?"

"एकही नाही."

"मग आता काय करतायत?"

बापाने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"गुळगुळीत करतायत," तो म्हणाला.

तिने डोळे मिटले. मग तिने पाय पुढे केला.

"धरा."

त्याने पाय धरला. तिने दात आवळले. गुडघा थरथरला, अडला, आणि एकदम वाकला. तिच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले.

"अजून, बाबा," ती म्हणाली. "मला लवकर सायकलवर बसायचंय."

बापाने उठून खिडकी लावून घेतली आणि तिचा पाय पुन्हा हातात घेतला.