रेह्विंकेलांचा वारस

“मी योआखिम,” दारातल्या माणसाला स्वतःच सांगावं लागलं.

ओटिलीबाई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग बाजूला झाल्या. “आत ये. सूप गरम आहे.”

रशियाच्या कैदेतून सुटलेला माणूस ओळखू येईलच असं नाही. गालफडं बसलेली, दात पडलेले, आवाज घोगरा. तरी गावात कुजबुज सुरू झाली. पूर्वीचा योआखिम पत्ते कुटायचा, नाचगाण्यात रमायचा. पणजोबांनी उभारलेल्या चिनी मातीच्या कारखान्यात त्याने कधी पाऊल टाकलं नव्हतं. हा दुसऱ्याच दिवशी भट्टीवर हजर.

“मातीच्या वासाने मळमळायचं ना रे तुला?” वाल्डेमारकाकांनी कामगारांसमोर विचारलं.

“तिकडे विटा भाजायचो, काका. सवय झाली.”

“आणि तुझ्या घोड्याचं नाव?”

तो कपाळ चोळत राहिला. “आठवत नाही.”

“ऐका! लाडका घोडा आठवत नाही साहेबांना!”

“भावजी,” ओटिलीबाई शांतपणे म्हणाल्या, “माझा मुलगा मी ओळखते. तुम्ही तुमची कॉफी प्या.”

तो विषय तिथे संपला.

बॉम्बने कारखान्याचं अर्धं छप्पर नेलं होतं. योआखिमने ते उभं केलं. झिलई कालवायला शिकला, भट्टीत हात भाजून घेतले, नमुन्याच्या बशा घेऊन म्युनिकच्या हॉटेलांचे उंबरठे झिजवले. धुराडं पुन्हा धूर सोडू लागलं. लग्नाचं त्याने मनावर घेतलं नाही. प्रत्येक भट्टी उघडली की पहिली बशी तो आईकडे न्यायचा. आई ती उजेडात धरून बघायची आणि मान डोलवायची. तेवढ्यासाठी तो पुढची भट्टी लावायचा.

मग ओटिलीबाईंनी अंथरूण धरलं. एका दुपारी त्यांनी नर्सला बाहेर पाठवलं.

“दार लाव. आता खोटं पुरे. तू आलास त्याच दिवशी मला कळलं होतं, तू माझा मुलगा नाहीस.”

त्याच्या हातातला चमचा थांबला.

“घाबरू नकोस. माझा योआखिम परत आला असता, तर वर्षभरात सगळं फुंकून मोकळा झाला असता. तो तिकडेच गेला ते बरं झालं. देवाने त्याच्या जागी तू दिलास. पोटच्या पोरावर केली नाही एवढी माया मी तुझ्यावर केली.”

बशीतलं सूप निवत होतं.

“तू पाहिलं होतंस त्याला? फार हाल झाले का रे?”

“नाही,” तो म्हणाला. “झोपेत गेला.”

“सुटला बिचारा.” तिने त्याचा भाजलेला हात हातात घेतला. “आणि तुझं खरं नाव? एकदा त्या नावाने हाक मारू दे मला.”

त्याला एकच नाव होतं. बाप्तिस्म्याच्या दिवशी तिनेच ठेवलेलं. दुसरं पटकन सुचेना.

“कोन्राड,” तो म्हणाला.